खिडकीच्या वरची वीतभर भिंत

पडद्याचं कापड निवडायला घरातले सगळे तयार असतात. रंग कोणता, चुण्या किती, सोफ्याला शोभेल का, यावर दोन-दोन तास चर्चा होते. ज्या दांडीवर तो पडदा लटकणार ती मात्र बिल करताना आठवते. "आणि हो, सहा फुटांचा एक पाइप द्या, दोन ब्रॅकेट द्या." पाइप घरी येतो आणि मग प्रश्न पडतो, हा लावायचा कुठे?

उत्तर सगळ्यांना माहीत असतं. खिडकीच्या वर, चार-सहा इंचांवर. माझी पदवी इंजिनिअरिंगची असली तरी पोटापाण्याचं काम कोड लिहिण्याचं आहे; भिंतीशी संबंध चार्जर लावण्यापुरता. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दांड्या लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्या चार-सहा इंचांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि लक्षात आलं, की पाथर्डी तालुक्यातल्या आजीच्या घरात अशी जागाच नव्हती. खिडकीवर पडदा नव्हता, दांडी नव्हती आणि खरं सांगायचं तर पडदा लावावा अशी खिडकीही नव्हती.

दोन पिढ्यांत असं काय घडलं, की पडद्याची दांडी ही घराची इतकी साधी, गृहीत धरलेली वस्तू झाली? शोधायला गेलो तर त्यात निजामशाही आली, साखर कारखाना आला, सर्वोच्च न्यायालय आलं, एक जर्मन शिंप्याचा मुलगा आला आणि किल्लारीचा भूकंपही आला. कापड फार जुनं आहे. नवी आहे ती भिंत.

उजेड वरून येणारं घर

अहिल्यानगर जिल्हा (ऑक्टोबर २०२४ पर्यंत कागदोपत्री अहमदनगर) क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा. इतका मोठा, की त्यात घर बांधायच्या दोन वेगळ्याच दुनिया मावल्या. पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, भंडारदरा, धो-धो पाऊस. तिथं उतरती छपरं आणि कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेले कूड. पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. पाऊस बेताचा, ऊन भरपूर. तिथं माळवदाची घरं.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला-चिपाडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. घराचं माप चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. "पाच खणांचं घर आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला घर कळायचं, घराण्याची ऐपतही कळायची.

या घरात उजेड वरून यायचा. माळवदाला एक भोक ठेवलेलं असे, त्याला साणं म्हणत. त्यातून उन्हाचा एक खांब जमिनीवर उतरायचा, चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की कुणीतरी वर चढून ते झाकायचं. भिंतीला बाहेरच्या बाजूनं भोकं शक्यतो नकोत, हा हिशेब होता. ऊन आत येऊ नये, चोर आत येऊ नये आणि रस्त्यावरची नजरही येऊ नये. असलाच तर उंचावर एखादा झरोका.

खिडकीला असलेले जुने शब्द पाहिले तरी हेच दिसतं. संस्कृतात वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट. दुसरा शब्द गवाक्ष, म्हणजे गाईबैलाचा डोळा. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. बाहेर बघत बसायची जागा, हा खिडकीचा अर्थ बराच नंतरचा. वाऱ्याच्या वाटेवर कोण कशाला पडदा लावेल?

आणि लावायचा म्हटलं तरी लावणार कशावर? मातीच्या भिंतीत नंतर खिळा ठोकला तर माती भुरभुरते, खिळा हलतो, काही दिवसांत गळून पडतो. म्हणून जे काही टांगायचं त्याची सोय भिंत चढतानाच करायची. खुंटी भिंतीच्या आत खोलवर रोवून वरचा थर रचायचा. कोनाडा, देवळी, फडताळ हे सगळं आधी ठरायचं. आजोबांनी जिथं खुंटी बसवली, तिथंच नातवाचा सदरा लटकायचा. भिंतीवर काय कुठं असेल हे भिंत बांधणारा ठरवायचा, राहणारा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हातात धरलेला पडदा

मग मराठी माणसाला पडदा माहीतच नव्हता का? होता. आपला सगळ्यांत ओळखीचा जुना पडदा आजही प्रत्येक लग्नात निघतो. अंतरपाट. त्याला दांडी नाही, कडी नाही, भिंत नाही. दोन माणसं दोन टोकं हातात धरतात, मंगलाष्टकं संपेपर्यंत उभी राहतात आणि मग तो बाजूला घेतात. काही मिनिटांचा पडदा. त्याचं काम उजेड अडवणं नाही, नजर अडवणं.

'पडदा' हा शब्द मात्र फारसीतून आला. आला आणि इतका मुरला, की आता आपण 'आडपडदा न ठेवता' बोलतो, प्रकरणावर 'पडदा टाकतो', कानातही पडदा असतो. मराठीत फारसी शब्द मुरण्याचं एक मोठं ठिकाण म्हणजे आमचंच शहर. मलिक अहमदनं १४९० मध्ये इथं निजामशाही उभी केली आणि पुढची शंभरहून जास्त वर्षं दरबाराची भाषा फारसी राहिली.

त्या दरबारात पडदा हा कापडाइतकाच अधिकाराचा विषय होता. कोणाला कोण पाहू शकतं, याचा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं एक सचित्र हस्तलिखित आहे. ते १५६५ च्या सुमारास अहमदनगरात तयार झालं. हुसेन निजामशहाच्या गौरवाचं काव्य आणि त्यासोबत चित्रं. त्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायूं होती. 'होती' म्हणायचं कारण, नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांत तिच्यावर रंग फासून तिला झाकून टाकलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावानं तिनं काही वर्षं राज्य चालवलं होतं आणि शेवटी त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. आज त्या पानांवर सुलतान दिसतो आणि त्याच्या शेजारी रंगाचा एक डाग.

तिची मुलगी चांदबीबी. १५९५ च्या अखेरीस मोगल शहजादा मुरादनं अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सुरुंगानं तटाला भगदाड पाडलं. फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी अहमदनगरच्याच दरबारात होता. त्यानं लिहून ठेवलं आहे, की चांदबीबी चेहऱ्यावर पडदा घेऊन, हातात उपसलेली तलवार घेऊन भगदाडाशी उभी राहिली. रात्रभर काम करून तट पुन्हा उभा केला गेला. आईला दुसऱ्यांनी झाकलं. मुलीनं स्वतःचा पडदा स्वतः घेतला आणि सगळ्यांसमोर आली. पडदा कोण ओढतं, यावर त्याचा अर्थ ठरतो.

घरातले पडदे या काळात कसे असत? मोगल आणि दख्खनी चित्रांत कमानींवर पडदे दिसतात, पण ते बाजूला सरकत नाहीत. ते खालून वर गुंडाळतात आणि फितीनं बांधून ठेवतात. शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पुरा झालेला महाल. भोवती पाण्याचा तलाव, मध्ये दुमजली इमारत आणि माणसाला ठेंगणं करून टाकणाऱ्या उंच कमानी. अशा कमानीला आडवी दांडी लावून काय उपयोग? तिच्यावरचं कापड वरूनच सोडायचं आणि ते वर उचलायला नोकर ठेवायचा. ज्याच्याकडे नोकर नाही, त्याच्याकडे असा पडदाही नाही.

चिक आणि चार झडपा

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे शहराला लागून लष्करी छावणी वाढली, जिला नगरकर आजही कॅम्प म्हणतात. कॅम्पाबरोबर बंगला आला. उंच छत, व्हरांडा, माणसाच्या उंचीच्या काचेच्या खिडक्या आणि छताजवळ दोरीनं उघडायचा झरोका. इंग्लंडात त्या काळी जाड लाकडी किंवा पितळी दांडीवर कड्या सरकवून जड पडदे लावायची पद्धत होती. आमच्याकडच्या मे महिन्यात तसं जड कापड कोण सोसणार? त्यामुळे बंगल्याच्या व्हरांड्याला बांबूच्या कामट्यांची चिक आणि पाणी मारलेले वाळ्याचे पडदे, हा इथल्या उन्हाळ्यावरचा इथलाच उपाय साहेबानंही उचलला.

गावातल्या वाड्यांनी वेगळी वाट काढली होती. जुन्या वाड्याची किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या विटांच्या घराची खिडकी आठवून बघा. लाकडी चौकट, उभे लोखंडी गज आणि दोन नव्हे, चार झडपा. दोन खाली, दोन वर. खालच्या झडपा लावल्या आणि वरच्या उघड्या ठेवल्या की वारा येतो, उजेड येतो आणि रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. रात्री सगळ्या लावून टाकायच्या. पडद्याची सगळी कामं सुतारानं झडपेतच करून ठेवली होती. दांडीची गरज अजूनही नव्हती.

ती गरज निर्माण केली काचेनं. झडपेत लाकडाऐवजी काच आली आणि खिडकी बंद असतानाही आरपार दिसायला लागलं. बंद खिडकी आणि झाकलेली खिडकी या दोन गोष्टी तिथून वेगळ्या झाल्या.

साखर, स्लॅब आणि स्प्रिंग

आमच्या जिल्ह्यात हे घर सामान्य माणसापर्यंत पोचलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यात उसाचा वाटा मोठा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं लोणीला उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. पुढे जिल्ह्यात एकामागून एक कारखाने झाले. पाटाच्या पाण्याखालच्या गावांत उसाचा पैसा आला. पैसा आला की शेतकरी आधी विहीर बांधतो, मग घर. माळवद उतरलं, विटा-सिमेंटच्या भिंती चढल्या, वर स्लॅब पडला. स्लॅबच्या घराला साणं ठेवता येत नाही. उजेड आता भिंतीतूनच यायला हवा. म्हणून खिडक्या आल्या. मोठ्या आणि रस्त्याच्या बाजूला.

त्यांच्यावर पडदेही आले. पण दांडी नाही, स्प्रिंग! पांढऱ्या किंवा हिरव्या प्लास्टिकचं आवरण असलेली ती बारीक, ताणता येणारी तार तुमच्यापैकी अनेकांनी आजोळी पाहिली असेल. दोन टोकांना दोन आकडे, चौकटीच्या लाकडात पिळून बसवलेल्या दोन कड्या आणि मध्ये ताणलेली तार. तार पडद्याच्या वरच्या नेफ्यातून ओवायची, परकराच्या नेफ्यातून नाडी ओवतात तशी. पडदा बहुतेक वेळा आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीचा. उन्हानं त्याचा रंग उतरायचा, मधोमध झोळ पडायचा, पण काम भागायचं. हत्यार काय लागायचं? काही नाही. कडी हातानं पिळायची, फार तर भोक पाडायला एखादा खिळा. घरातली कुणीही बाई पाच मिनिटांत नवा पडदा लावू शकायची. सुतार नको, मशीन नको.

हे शक्य होतं, कारण खिडकीला लाकडाची चौकट होती. लाकूड स्क्रूला धरून ठेवतं. आणि नेमकी तीच चौकट गेली.

लाकूड महाग होत चाललंच होतं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात देशभरातल्या जंगलतोडीवर कडक निर्बंध आणले. तोवर बाजारात अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्याच होत्या. वाळवी नाही, पावसाळ्यात फुगणं नाही, दर दोन वर्षांनी रंग नाही. आज नगरच्या कुठल्याही नव्या सोसायटीत बघा. खिडकीभोवती ग्रॅनाइटची पट्टी आणि आत अॅल्युमिनियमची सरकती चौकट. ग्रॅनाइटमध्ये कडी पिळता येत नाही. अॅल्युमिनियमची पट्टी इतकी पातळ असते, की तिला पडद्याचा भार देऊ नये. पडद्याला लटकायला जागाच उरली नाही. मग तो वर सरकला. चौकटीतून भिंतीवर गेला. दांडी खिडकीच्या वर आली ती मुळात शोभेसाठी नव्हे, खालचं घर गेलं म्हणून.

भोकाचा इतिहास

भिंतीवर जायचं म्हणजे भिंतीला भोक पाडायचं. आणि नुसत्या भोकात स्क्रू टिकत नाही. वीट किंवा काँक्रीट कडक असतं. स्क्रूचे आटे त्यात रुतत नाहीत. यावर सुताराचा जुना उपाय म्हणजे लाकडी गुटका. छिन्नीनं भिंतीत चांगलं मोठं चौकोनी भोक पाडायचं, त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा, भोवती सिमेंट भरायचं, वाळू द्यायचं आणि मग त्या लाकडात स्क्रू पिळायचा. म्हणजे गेलेली चौकट तुकड्यांच्या रूपानं भिंतीत परत आणायची. काम पक्कं, पण एका दांडीला एक दिवस आणि भिंतीला दोन खड्डे.

याला पर्याय लंडनमध्ये निघाला. १९१० च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायचं काम आलं. अट अशी, की भिंतींची नासधूस दिसता कामा नये. त्यानं तागाच्या तंतूंची, जनावराच्या रक्तानं चिकटवलेली छोटी नळी बनवली. लहानसं भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत जातो तशी नळी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. रॉलिंग्जचा म्हणून तो रॉलप्लग. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याचा रावल प्लग झाला.

पुढची पायरी जर्मनीत. आर्थर फिशर हा एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा. १९५८ मध्ये त्यानं नायलॉनचा प्लग बनवला. तो ओलाव्यानं कुजत नाही आणि स्क्रूबरोबर भोकात गरागरा फिरत नाही. या माणसाच्या नावावर अकराशेहून जास्त पेटंट आहेत, पण जगभरच्या भिंतींत त्याचा तो बोटाच्या पेराएवढा प्लगच जाऊन बसला. आमचे फिटर आजही दुकानात 'फिशर' मागतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. शिंप्याच्या मुलाच्या प्लगवर घरोघरचे पडदे लटकतात, हा योगायोग मला फार आवडतो.

भोक पाडायच्या यंत्राचंही असंच. हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ मध्ये स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं काढलं. फिरता फिरता ठोकेही मारणारा बॉशचा हॅमर १९३२ चा. आज तसलं मशीन ऑनलाइन मागवता येतं किंवा शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणता येतं.

आता मघाची खुंटी आठवा. भिंतीवर काय कुठे लागेल हे पूर्वी बांधणारा ठरवायचा. ड्रिल आणि प्लग आल्यावर ते राहणारा ठरवू लागला. घर बांधून वीस वर्षं झाली असली तरी मी आज ठरवू शकतो, की इथं पडदा हवा. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण भिंत आणि माणूस यांच्यातलं नातं त्यानं उलटं केलं. तरी तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही. भाड्यानं राहणाऱ्यांना विचारा. "भिंतीला भोक पाडायचं नाही" ही अट ज्यांच्या करारात असते त्यांची भिंत अजून खुंटीच्याच जमान्यात आहे.

दांडी लावताना दोन गोष्टी गणितानं समजतात, त्या सांगतो. सारख्या वजनाचं कापड असेल तर दांडीचा झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. तीन फुटांची दांडी सहा फुटांची केली की झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून लांब खिडकीला मध्ये तिसरं ब्रॅकेट हवंच. आणि पाइप पाऊण इंचाऐवजी एक इंची घेतला, तर तेवढ्याच जाडीच्या पत्र्यात तो दुपटीहून जास्त ताठ मिळतो. दुसरी गोष्ट, पडद्याचं वजन जरी खाली ओढत असलं, तरी ब्रॅकेट भिंतीपासून तीन इंच पुढे असतं. त्यामुळे त्याचा वरचा स्क्रू खाली नाही, बाहेर खेचला जातो. घरातलं पोर पडद्याला लोंबकळलं की जो स्क्रू निघतो तो हाच. त्याला धरून ठेवायला भिंत घट्ट हवी. घरातली सगळ्यांत घट्ट भिंत कुठे असते? नेमकी खिडकीच्या वर. तिथं लिंटेल असतो.

लिंटेल

भिंतीत खिडकीसाठी जागा सोडली की वरच्या विटांचा भार कुणीतरी दोन्ही बाजूंना नेऊन पोचवायला हवा. जुन्या घरात हे काम लाकडाचं पाटण करायचं, महालात दगडी कमान. आजच्या घरात सळ्या घातलेला काँक्रीटचा तुळईसारखा पट्टा ते करतो. साधारण वीतभर उंचीचा. ड्रिल करताना अचानक आवाज बदलतो, टोक पुढे जात नाही, विटेची लाल भुकटी यायची थांबून राखाडी येऊ लागते, तेव्हा समजायचं लिंटेल लागला. अगदीच अडलं आणि धातूचा आवाज आला तर आत सळी आहे. जोर न करता भोक इंचभर सरकवायचं.

हा पट्टा फक्त खिडकीपुरता न ठेवता सगळ्या भिंतींवरून सलग, पट्ट्यासारखा फिरवला तर काय होतं आणि नसला तर काय होतं, हे महाराष्ट्रानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. उस्मानाबाद, आताचं धाराशिव, म्हणजे आमच्या जामखेडच्या पलीकडचाच जिल्हा. घरंही आमच्यासारखीच. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

अभियंत्यांनी पडलेली घरं तपासली तेव्हा जे दिसलं ते समजायला सोपं आहे. जाड भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या. बाहेरच्या आणि आतल्या दगडांच्या रांगा, मध्ये माती आणि खडी. दोघींना बांधून ठेवणारं काही नव्हतं. हादरे बसले तशा त्या सुट्या झाल्या, फुगल्या आणि कोसळल्या. काही घरांत लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि त्यानं माणसं वाचवली. पुनर्बांधणीत गावोगाव जो उपाय शिकवला गेला त्यात दाराखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना फिरणारा सलग लिंटेल बँड महत्त्वाचा होता. घराला बांधलेला कंबरपट्टाच तो.

माळवदाच्या थंडाव्याबद्दल आपण हळवं होऊन बोलतो. मीही बोलतो, आजीच्या घरातली उन्हाळ्यातली दुपार मला अजून हवीशी वाटते. पण ती जाडी आपला जीव सांभाळेलच असं नव्हतं. खिडकीच्या वरचा तो राखाडी, कुरूप पट्टा सांभाळतो. आपण त्याला प्लास्टरनं झाकतो, रंग देतो आणि त्यावर दांडी लावतो.

ज्यांना भिंत नाही

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. पडदा हा कापडाचा प्रश्न फार थोडा आहे. कापड सगळ्यांकडे असतं, निदान जुनी साडी तरी असते. पडदा लावायला स्क्रू धरणारी भिंत लागते आणि त्या भिंतीला भोक पाडायचा हक्क लागतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते आमच्याच जिल्ह्यात, दरवर्षी दिवाळीनंतर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजूर बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. कारखान्याजवळ किंवा उसाच्या फडाजवळ ते कोपी उभी करतात. बांबूच्या कामट्या, उसाचं पाचट, वरून ताडपत्री. चार-पाच महिने हेच घर. त्याला खिडकी नसते. दाराला एखादं जुनेर अडकवलेलं असतं. आणि कोपीच्या मागे चार काठ्या रोवून त्यांना साडी गुंडाळलेली असते. ती बायकांची न्हाणी. फडावर जायची वेळ पहाटेची, त्यामुळे अंधार असतानाच अंघोळ उरकायची. अंधार हा एक पडदा, साडी हा दुसरा. वारा सुटला की दुसरा भरवशाचा राहत नाही.

ज्या उसानं लोणी-राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात माळवदं उतरवून स्लॅबची घरं आणि मोठ्या खिडक्या आणल्या, तोच ऊस तोडणाऱ्या बाईचा पडदा चार काठ्यांवर उभा आहे. अंतरपाटासारखाच, भिंतीशिवाय. फरक इतकाच, की अंतरपाट धरायला दोन्ही बाजूंना आपली माणसं उभी असतात.

गावात या मजुरांपैकी अनेकांनी आता घरकुलाची पक्की खोली बांधली आहे. वर्षातले निम्मे महिने तिला कुलूप असतं. त्या खोलीलाही खिडकी असते आणि खिडकीच्या वर वीतभर लिंटेल असतो.